घरचं माप

१

आमच्या घरी वर्षातून एका रविवारी सगळ्यांची मापं घेतली जातात. कोणत्या रविवारी, ते बाबा ठरवतात आणि आदल्या दिवशी जेवताना सांगतात. त्या दिवशी कुणाला काही काम असू शकतं, हे आमच्याकडे आजवर कुणी गृहीत धरलेलं नाही.

बाबा टेलर आहेत. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. रस्त्याकडे उघडणारं दार, कापायचं लांब टेबल, दोन मशीन, भिंतीवर उभा आरसा. मागच्या दारातून आत आलं की घर. गिऱ्हाईक पुढच्या दारानं येतं, घरची माणसं मागच्या. आलेल्या माणसाला चहा कप-बशीतून मिळतो, आम्हाला मगातून. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत. आमच्याकडचा कुठलाच नियम लिहिलेला नसतो, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नाही.

त्या रविवारी एका ताग्यातून प्रत्येकाला एक शर्ट बेततात. आई, दादा, वहिनी, मी आणि स्वतः बाबा. ते शर्ट घालून आम्ही पाच जण रस्त्यानं निघालो की बँडवाले सुपारीला चाललेत असं वाटतं. चुकून एखादं गिऱ्हाईक आलंच तर बाबा ठरलेलं वाक्य बोलतात, “आज घरचं माप आहे. बाहेरच्यांचं उद्या.”

घरच्यांची मापवही वेगळी. एकेकाला एक पान. बाबा माप घेऊन आकडा उच्चारतात आणि मी लिहिते, चौथीत असल्यापासून, कारण माझं अक्षर बरं आहे. सगळ्यात शेवटी मी उभी राहते तेव्हा वही आईकडे जाते. माझ्या पानावर आकड्यांच्या खाली दर वर्षी एक ओळ असते: डावा खांदा, अर्धा सैल. सहा वर्षांची असताना मी कापायच्या टेबलावरून पडले होते. खांद्याचं हाड मोडलं आणि जुळताना जरा वर जुळलं. बघून कळत नाही. बाबांच्या बोटांना कळतं.

लग्न झालं त्या वर्षी आत्याच्या पानावर बाबांनी लाल पेन्सिलीनं रेघ मारली. आता ती राहायला आली तरी माप सोमवारी देते, पुढच्या दारानं येऊन. तिला त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, आणि मी तसं बोलून दाखवलं होतं.

“तुला काय करायचंय?” आई म्हणाली.

हा विषय तिथं संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

२

गेल्या वर्षीच्या त्या रविवारी माझ्या मैत्रिणी कोपऱ्यावर थांबल्या होत्या आणि आईनं गॅसवर दूध ठेवलं होतं. माझा नंबर आला. बाबांनी टेप झटकली.

“बाबा, माझं मीच लिहिते. मला माहीत आहे.”

“टेप न लावता?”

“गेल्या वर्षीचंच असणार. तेविसाव्या वर्षी माणूस वाढतो का?”

“आडवा वाढतो,” दादा पेपरातून म्हणाला. वहिनीनं त्याला कोपर मारलं.

बाबांनी टेप गळ्यात टाकली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करा म्हटलं की ते म्हणतात, टेप हाताला दिसते. वही मात्र हाताला दिसत नाही. म्हणून रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी त्यांना गिऱ्हाइकांची मापं वाचून दाखवायची आणि त्यांनी कापायचं, असं दोन वर्षं चाललं होतं.

त्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं होतं की शिक्षण संपल्यावर मला बाहेरगावी नोकरी बघायची आहे. त्यांनी मोठ्या नेढ्याच्या सुईत दोरा ओवला होता. एवढंच उत्तर. तर पेन हातात होतं आणि डोक्यात राग होता. या माणसानं मला वीस वर्षं मापलंय. टेप बाजूला ठेवली तर मी कोण आहे हे याला सांगता येईल का, पाहू, असं मला वाटलं.

मी लिहिलं: खांदा अकरा. छाती चाळीस. बाही अठ्ठावीस. गळा दहा.

असा माणूस नसतो. माझी बाही बावीस आहे, चांगल्या उंच दादाची चोवीस. मी रसायनशास्त्र शिकले. प्रयोगशाळेत असं वाचन आलं तर आम्ही आधी उपकरण तपासतो. डाव्या खांद्याची ओळ मी मुद्दाम लिहिली नाही.

मंगळवारी सकाळी बाबा माझा शर्ट कापायला बसले. मी आकडे मोठ्यानं वाचले.

“बाही किती म्हणालीस?”

“अठ्ठावीस.”

खडू कापडावर थांबला. मी वाट पाहत राहिले. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. ‘वेडी आहेस का’ हेसुद्धा चाललं असतं.

“वाढलीस?” बाबांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “वाढले.”

खडू पुढे सरकला. खांद्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

३

शर्ट शिवून आला. मी तो एकदाच, दार लावून, अंगावर धरून पाहिला. गळ्याचं बटण माझ्या मानेभोवती लागलं नसतं. बाह्या माझी बोटं झाकून खाली लोंबत होत्या. शिलाई नेहमीसारखी सरळ, टीप न् टीप सारखी.

“बसला का?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“बसला.”

मी तो बोळातल्या कपाटात, जुन्या कोटांच्या मागे हँगरला लावला. घालून दाखव असं कुणी म्हणालं नाही. एक जण जरी म्हणाला असता, तरी मी सगळं सांगून टाकलं असतं. बहुतेक.

चार महिन्यांनी एका सकाळी आई धुवायच्या कपड्यांतून तो हातात धरून उभी होती.

“कॉलर बघ. मान घासत नाहीस का आंघोळीला? एवढी शिकलीस.”

कॉलरच्या आत घामाची काळपट रेघ होती. मी शर्ट हातात घेतला. पाठीवर चुण्या होत्या, खुर्चीला टेकून बसल्यावर पडतात तशा. बाह्यांवरही होत्या. कपडा बरेच दिवस अंगात राहिला की कोपराशी ज्या घड्या पडतात, त्या. बाही मी स्वतःच्या हाताला लावून पाहिली. माझं कोपर एकीकडे होतं. घड्या चार बोटं खाली.

“हा मी घातलेला नाही,” मी म्हटलं.

“मग मी घातला का?”

मी वहिनीला विचारलं. ती दवाखान्यात नर्स आहे, ड्युटीवरून नुकतीच आली होती, पाय वर घेऊन बसली होती.

“मी? अगं, याच्या खांद्यात माझा एक दंडसुद्धा जायचा नाही. कुणासाठी शिवलाय हा, बाटलीसाठी?” आणि मग माझ्याकडे नीट बघून, “पण तू घालतेस की.”

“कधी?”

“घरात. दुपारची.”

दुपारी एक ते पाच माझी प्रॅक्टिकल असतात. तिला ते माहीत आहे. मी म्हटलं, वहिनी दमलीय, शिफ्टनं तिचे दिवस-वार उलटेपालटे होतात. कॉलरचं काय, तर कपाटात ओल असेल. चुण्या हँगरच्या. प्रत्येक गोष्टीला कारण सापडलं. कारणं एकमेकांशी जुळत नव्हती, पण आमच्या घरात तशी अटही नाही.

४

मला नोकरी मिळाली. पाण्याचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा, रेल्वेनं एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. पत्र आलं त्या दिवशी जेवताना मी सांगितलं. सगळे पानात बघू लागले, जणू पानात कुणी काहीतरी लिहून ठेवलं होतं.

आई आधी बोलली. “राहशील कुठं? खाशील काय? आजारी पडलीस तर?”

“राहायला खोली आहे. खायला अन्न. आजारी पडले तर डॉक्टर.”

“बघा कशी बोलते.”

“आणि यांना वही कोण वाचून दाखवणार?” दादा म्हणाला. तो कारखान्यात सकाळी सातला जातो आणि अंधार पडल्यावर येतो, त्यामुळे घरातली कामं वाटताना फार उदार असतो.

याच प्रश्नाची मी वर्षभर तयारी केली होती. वहीतली सगळी मापं मोठ्या अक्षरांत कार्डांवर उतरवायची, भिंगाचा दिवा आणायचा, ऑपरेशनची तारीख घ्यायची, असं सगळं कागदावर मांडलं होतं. कागद खिशात होता. मला बाबांकडून फक्त ‘जा’ एवढंच ऐकायचं होतं. चोरासारखं निघून जायचं नव्हतं. माझ्या पानावर रेघ ओढून घ्यायची नव्हती. जायचं होतं आणि परत यायचं तेव्हा मागच्या दारानं यायचं होतं.

बाबा पाणी प्यायले.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “इथलं होईल.”

मी कागद बाहेर काढलेलाच होता. “कसं होईल? सकाळी कोण वाचणार?”

“सकाळी कशाला? दुपारी वाचतेस ते पुरतं.”

“मी दुपारी घरात नसते, बाबा.”

“आता हे बघा,” आई म्हणाली आणि हसली. “मी आत पडलेली असते तेव्हा मला रोज ऐकू येतं की. आवाज किती सुधारलाय हिचा. पूर्वी कशी खेकसत वाचायची.”

मला टोमणा कळतो. आमच्याकडे प्रेमसुद्धा टोमण्यातूनच पोचवतात. तेव्हा मी तो टोमणाच धरला. तुझ्यावाचून काही अडत नाही, असं ते सांगत होते. मी कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली आणि ताटावरून उठले.

५

दोन दिवसांनी मी प्रॅक्टिकल बुडवलं आणि तीन वाजता घरी आले. मागच्या दारानं, चपला हातात घेऊन. स्वतःच्या घरात असं शिरताना मला हसू आलं होतं.

आई आतल्या खोलीत झोपली होती. बोळात कपाटाचं दार उघडं होतं. जुने कोट एका बाजूला सारलेले, मधला हँगर रिकामा. दुकानातून कात्री चालल्याचा आवाज येत होता. जाड कापड, टेबलावर घासत जाणारी लांब कात्री. मग ती थांबली.

“पुढे,” बाबा म्हणाले.

शांतता. साधारण एक ओळ वाचायला लागते तेवढी.

“कंबर चौतीस. हं. पुढे.”

पुन्हा तेवढीच शांतता.

“उंची एकोणतीस. बरं. पुढे वाच.”

मी पडदा सारला. बाबा टेबलापाशी उभे होते, कात्री हातात. समोर स्टूल होतं. त्यावर मीच बसायची, म्हणून ते बाकीच्या स्टुलांपेक्षा ठेंगणं आहे. स्टुलावर कुणी नव्हतं. वही टेबलाच्या कडेला उघडी होती, अक्षरं स्टुलाच्या दिशेनं.

“बाबा, कुणाशी बोलताय?”

त्यांनी मान वळवली. पांढुरके डोळे आधी स्टुलाकडे गेले, मग आवाजाकडे, मग पुन्हा स्टुलाकडे.

“तिकडे कशाला गेलीस?” ते म्हणाले.

मी पुढे झाले. वहीतलं उघडं पान पाहिलं. कंबर चौतीस, उंची एकोणतीस. आकडे बरोबर होते. जुनं गिऱ्हाईक, त्यांना पाठ असणार. म्हाताऱ्या माणसांना स्वतःशी बोलायची सवय लागते. हे सगळं मी मनात व्यवस्थित, क्रमांक घालून मांडलं. मग स्टुलावर बसायला गेले आणि बसले नाही. लाकूड गरम होतं.

“बाबा, मला एक सांगायचंय. गेल्या वर्षी मी माझी मापं खोटी लिहिली होती.”

“खोटी?”

“बाही अठ्ठावीस नाहीये. खांदा अकरा नाहीये. मी रागात काहीही लिहिलं.”

बाबा हसले. त्यांना मोठ्यानं हसताना मी क्वचितच पाहिलंय.

“खोटी कशी असतील, बारके? कपडा बसला ना अंगाला?”

“नाही बसला. मी एकदाही घातला नाही.”

“रोज तर घालतेस,” बाबा म्हणाले आणि कात्री उचलली. “चल, पुढे वाच.”

घरात मला बारकी म्हणतात. शेवटचं मूल म्हणून. ते वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं असतं तर मी वही उचललीही असती.

६

माझ्या जाण्याच्या आधीच्या रविवारी बाबांनी घरचं माप ठरवलं. मला बरंच वाटलं. वहीतली चूक माझी होती. नीट उभं राहायचं, खरे आकडे लिहून घ्यायचे, खांद्याची ओळ परत यायची, आणि मग जायचं. चुकीचं वाचन खोडलं की त्याच्यावर उभं राहिलेलं सगळं आपोआप पडतं, असं मी शिकलेली होते.

सकाळचे अकरा वाजले होते. ऊन टेबलापर्यंत आलं होतं. नवा तागा राखाडी रंगाचा होता. आईचं झालं, दादाचं झालं. त्याची कंबर दोन इंच वाढली होती आणि वहिनीनं आकडा दोनदा म्हणायला लावला. वहिनीचं झालं. मी लिहीत होते.

“बारके, ये.”

मी पेनाला टोपण लावलं, वही बंद केली, उठायला टेबलाचा आधार घेतला. या सगळ्याला किती वेळ लागतो? तीन सेकंद धरा. मी वर पाहिलं तेव्हा बाबांनी माप घ्यायला सुरुवात केली होती.

ते आरशाजवळ जरा वाकून उभे होते. टेप दोन्ही हातांत. टेपचं एक वर्तुळ झालेलं होतं, छातीच्या उंचीवर, आणि त्या वर्तुळात काही नव्हतं. पलीकडची भिंत दिसत होती. आरशात बघायचं मी टाळलं.

टेप ढिली लोंबत नव्हती. ती टेकलेली होती. बाबांच्या अंगठ्याखालून ती सुताभर सरकायची, वर्तुळ मोठं व्हायचं. मग तेवढीच आत यायची. पुन्हा बाहेर. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. अर्ध्या मिनिटात आठ वेळा. वयानं हात थरथरतात, मी स्वतःला सांगितलं. पण थरथर इतकी सावकाश नसते.

“श्वास धरून ठेवू नकोस गं,” बाबा म्हणाले. “नेहमीसारखा घे. हां. चाळीस.”

आई दारातून पुढे आली आणि माझ्या हातातली वही तिनं पेनासकट घेतली. हातातून घेतात तशी नाही. टेबलावरून उचलतात तशी.

“चाळीस,” तिनं लिहिलं. “बाही?”

“अठ्ठावीस.”

“पोक काढू नकोस,” आई म्हणाली. वर्तुळाच्या वीतभर वर बघून.

बाबांनी टेप गळ्यात टाकली. मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. तिथं थोडंसं उबदार होतं, ऊन नसतानाही.

“बाबा, माझं राहिलं.”

सगळे गप्प झाले. रागानं नव्हे. दारात कुणी आलं की बोलणं थांबतं, तसे. बाबा माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मला चांगला माहीत आहे. तो दुकानातला आवाज आहे.

“या, ताई,” ते म्हणाले. “आज जरा घरचं माप असतं. बाहेरच्यांचं उद्या घेतो. दहापर्यंत या.”

“पुरे,” मी म्हटलं. “मी जाणार म्हणून हे चाललं असेल तर पुरे आता. दादा, सांग यांना.”

दादानं पेपर खाली केला. अनोळखी बाई बसमध्ये ‘दादा, जरा सरका’ म्हणते तेव्हा माणूस जसा बघतो, तसं त्यानं बघितलं. सभ्यपणे.

“अहो, खरंच नाही घेत ते आज,” तो म्हणाला.

“उन्हातून आल्या असतील,” आई म्हणाली. “बसा. चहा घ्या, मग जा.”

चहा आला. कप-बशीत.

मी तो प्यायले. भांडायचं तर आधी आपण कोण आहोत हे समोरच्यांना मान्य असावं लागतं. चोवीस वर्षांत मला ती गोष्ट कधी कमी पडली नव्हती. कप ठेवून मी सवयीनं मागच्या दाराकडे वळले, तर आई लगबगीनं आडवी आली.

“अहो, तिकडे घर आहे. बाहेरचं दार इकडे.” आणि मी पायरी उतरल्यावर मागून म्हणाली, “या हं परत.”

आईनं मला आयुष्यात कधी ‘या’ म्हटलेलं नाही.

७

ती रात्र मी मैत्रिणीच्या खोलीवर काढली. “तुझ्या घरचे म्हणजे महान आहेत,” ती म्हणाली. “सगळ्यांनी मिळून धडा शिकवायचा, आणि तोही एवढं नाटक करून. जा, दोन शब्द गोड बोल, विषय संपव.” तिचं म्हणणं सगळ्यात सोपं होतं, म्हणून मी ते मानलं.

सोमवारी दहाला मी पुढच्या दारानं गेले. बाबा एकटेच होते. निदान मला उभं राहिल्या ठिकाणाहून तसं दिसलं. टेबलाचा स्टुलाकडचा भाग कापडांच्या गठ्ठ्यामागे होता.

“काल येऊन गेले मी.”

“हो, हो. ताई. या, आरशासमोर उभ्या राहा.”

राखाडी तागा टेबलावर होता. मी त्याच्याकडे बोट केलं. “यातलाच शर्ट हवा.”

“घरच्यांसाठी आणलाय. पण उरेल. देतो.”

त्यांनी टेप लावली. इतक्या जवळून बाबांचा चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. ते मन लावून काम करत होते. गळा साडेतेरा. छाती चौतीस. बाही बावीस. एकेक आकडा खरा होता. प्रत्येक आकड्यानंतर माझ्या मागे, गठ्ठ्याच्या बाजूला, कागदावर पेन चालल्याचा बारीक आवाज येत होता.

मग त्यांनी खांद्यावर हात ठेवला. उजव्या, नंतर डाव्या. बोटं हाडावरून सरकली आणि थांबली. त्याच जागी. पुढे गेली, परत आली.

मी श्वास धरला. ओरडायचं नाही, सांगायचं नाही, त्यांनाच सापडू दे, असं मी ठरवलं. वर्षभरापूर्वी याच एका क्षणासाठी मी वहीत खोटं लिहिलं होतं.

“मोडलं होतं का कधी?” बाबांनी विचारलं.

“सहा वर्षांची असताना. टेबलावरून पडले होते. या टेबलावरून.”

“आमच्या बारकीचंही असंच होतं,” ते म्हणाले. त्यांचा हात अजून तिथंच होता. “डावाच खांदा. अर्धा इंच सैल ठेवावा लागायचा.”

“ठेवावा लागायचा?”

“आता नाही लागत. आता सरळ झालंय सगळं.” त्यांनी हात काढून घेतला. “लिही गं बारके. यांचा डावा खांदा अर्धा सैल.”

पेन चाललं.

मी वळले नाही. आरसा समोरच होता, काल टाळलेला. त्यात माझ्या खांद्यावरून गठ्ठ्याची कड दिसत होती आणि तिच्यामागून वहीचं अर्धं पान. पानावर एक बाही टेकलेली होती, गेल्या वर्षीच्या ताग्यातली. गठ्ठ्याआडून येऊन ती टेबलभर गेली होती, जितकी जायला हवी त्याहून बरीच पुढे. अठ्ठावीस इंची बाही बरोबर मनगटाशी संपत होती. बाबांची शिलाई चोख असते. मनगटाच्या पुढे जे होतं त्यात पेन होतं, आणि पेन माझं होतं.

“नाव काय लिहायचं, ताई?”

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. मधल्या, वडिलांच्या नावासकट.

बाबा हसले. “अरे वा. माझ्या नावाचं आणखी कुणी आहे म्हणायचं.”

मागे पेन चाललं नाही.

“लिही की,” बाबा म्हणाले. “बारके?”

आरशात ते पेन पानापासून वर उचललेलं, तसंच थांबलेलं होतं. मी मान थोडी जरी वाकडी केली असती तर गठ्ठ्याच्या पलीकडचं दिसलं असतं. मी मान सरळ ठेवली.

“रुसलीय वाटतं,” बाबा मला म्हणाले, अगदी खासगीत, गिऱ्हाइकाला सांगतात तसं. “लाडकी आहे ना. ताई, राहता कुठं तुम्ही?”

“बाहेरगावी,” मी म्हटलं. “आजच जाते आहे.”

“मग झालं तर. नाव राहू दे गं. ‘बाहेरगावच्या ताई’ लिही नुसतं.”

पेन लगेच चाललं.

८

मी बाबांना प्रयोगशाळेचा पत्ता दिला होता. महिन्याभरानं तिथं पार्सल आलं.

इथलं काम मला आवडतं. खोली ठीक आहे. मी कुणाला उत्तर देत नाही आणि कुणी मला प्रश्न विचारत नाही. याच्यासाठीच मी भांडत होते. घरी मी फोन केलेला नाही. फोन दुकानात, टेबलाच्या स्टुलाकडच्या कोपऱ्यात असतो. तो वाजला की स्टुलावर बसलेल्यानं उचलायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

शर्ट राखाडी आहे. मी तो दुपारच्या सुट्टीत, दार लावून घालून पाहिला. गळा बरोबर. बाही बरोबर. डाव्या खांद्याला, जिथं हाड वर आलंय तिथं, अर्धा इंच सैल. हात वर केला तरी कुठं ओढत नाही. इतका मापात बसलेला शर्ट बाबांनी मला आजवर शिवला नव्हता.

कॉलरला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती. बाहेरगावच्या ताई.

अक्षर माझं होतं.